लैंगिक शिक्षण : कोणत्या इयत्तेत, कोणी आणि कसं?

कल्याण सोडून लोकल कर्जतच्या दिशेने निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानकं लागतात. या गाडीने शाळेला किंवा क्लासला जाणाऱ्या आठवी-नववीतल्या मुलाला डब्याच्या पत्र्यावर चिकटवलेले कागद वाचायला कोणी सांगत नाही, पण तो ते वाचतो. ‘गुप्तरोग’, ‘मर्दाना कमजोरी’, ‘बचपन की गलती’, ‘शर्तिया इलाज’ आणि खाली मोबाइल नंबर. रुळांकडेच्या भिंतींवरही हाच मजकूर मोठ्या अक्षरांत रंगवलेला दिसतो. झोपेत वीर्य गेलं म्हणजे शरीर पोखरलं गेलं, हस्तमैथुन केलं म्हणजे पुढचं आयुष्य वाया गेलं, असा धाक त्या चार शब्दांतून मुलाच्या मनात बसतो. तो कोणाला विचारू शकत नाही, म्हणून तो धाक तिथेच मुक्काम करतो.

खरी गोष्ट साधी आहे. मुलगा वयात आला की शरीरात वीर्य सतत तयार होत राहतं. ते झोपेत बाहेर पडणं हा आजार नव्हे, वाढीचा भाग आहे. हस्तमैथुनाने नपुंसकत्व येत नाही आणि हाडंही ठिसूळ होत नाहीत. भीतीने मात्र माणूस खरोखर आजारी पडतो. थकवा, छातीत धडधड, कामात लक्ष नसणं अशा तक्रारी घेऊन येणारे आणि त्यांचं मूळ वीर्य जाण्यात शोधणारे तरुण भारतीय मानसोपचारतज्ज्ञांना वारंवार भेटत. डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. ज्या मुलाला शाळेत दहा मिनिटांत खरी माहिती मिळाली असती, तो भोंदू वैद्याच्या दारात पैसे आणि आत्मविश्वास दोन्ही घालवून बसतो.

शाळेत ही माहिती अजिबातच नाही, असं नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’च्या दुसऱ्या भागात मानवी प्रजननसंस्था आहे, मासिक पाळीचं चक्र आहे, जुळी मुलं कशी होतात हे आहे. पण दहावीतलं मूल पंधरा वर्षांचं असतं. मुलीला पाळी साधारण बारा-तेराव्या वर्षी आलेली असते आणि मुलाचा आवाजही त्याच सुमारास फुटलेला असतो. म्हणजे धडा येतो तेव्हा ज्या बदलांबद्दल तो सांगतो, ते होऊन दोन-तीन वर्षं उलटलेली असतात. त्यातही अनेक वर्गांत तो ‘घरी वाचून या’ म्हणून उरकला जातो.

बदलापूरने विचारलेला प्रश्न

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात हजारो माणसं रुळांवर उतरली आणि सुमारे दहा तास गाड्या बंद राहिल्या. त्याआधीच्या आठवड्यात शहरातल्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन लहान मुलींवर सफाईचं काम करणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचं उघड झालं होतं. मुलींनी घरी सांगितलं म्हणून ते कळलं. पालकांना पोलीस ठाण्यात कित्येक तास ताटकळावं लागलं आणि गुन्हा नोंदवला गेला तो १६ ऑगस्टच्या रात्री. लोकांचा संताप जितका अत्याचारावर होता, तितकाच या दिरंगाईवर होता.

२२ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने पोलिसांना आणि शाळेला जाब विचारला. मुलींनी काय काळजी घ्यावी एवढंच सांगून भागणार नाही, मुलग्यांना लहानपणापासून समज द्यायला हवी, हेही खंडपीठाने बोलून दाखवलं. पुढे निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्यासह एक समिती नेमली गेली. राज्य शासनाने शाळांमध्ये महिन्याभरात सीसीटीव्ही बसवण्याचे, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासण्याचे आणि तक्रारपेट्या ठेवण्याचे आदेश दिले. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळांमध्ये ‘सखी सावित्री’ समित्या असाव्यात, हा निर्णय तर २०२२ चाच होता.

२३ सप्टेंबर २०२४ या एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. संध्याकाळी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत झालेल्या गोळीबारात या प्रकरणातला आरोपी मारला गेला. त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने, लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं जवळ बाळगणं हा गुन्हा आहे असा निकाल देताना, शाळांमध्ये सर्वंकष लैंगिक शिक्षणाचे कार्यक्रम राबवण्याचा विचार करावा असं केंद्र सरकारला सुचवलं. पहिल्या बातमीवर कित्येक आठवडे वाद झाले. दुसरी फारशी कोणाच्या लक्षातही राहिली नाही. मुलांचं पुढचं आयुष्य मात्र दुसऱ्या बातमीशी बांधलेलं आहे.

कॅमेरे हवेत, कर्मचाऱ्यांची तपासणी हवी, स्वच्छतागृहाकडे महिला मदतनीस हवी. या उपायांनी शाळेची इमारत सुरक्षित होते. पण मूल इमारतीत दिवसाचे पाच-सहा तास असतं. उरलेला वेळ ते व्हॅनमध्ये, पाळणाघरात, शेजाऱ्यांकडे, नातेवाइकांकडे आणि मोबाइलसमोर असतं. तिथे त्याच्यासोबत जाईल ती फक्त त्याला मिळालेली समज.

२००७ : एकाच वर्षातल्या तीन घटना

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालकांवरील अत्याचारांचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो झाला होता. ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी आपल्यावर कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. त्यांत मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हतं. आणि निम्मे अत्याचारी मुलांच्या ओळखीचे, त्यांच्या विश्वासातले होते.

त्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने करवून घेतलेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष बाहेर आला. ‘लग्नाआधी संबंध नकोत’ एवढाच उपदेश करणारे चार कार्यक्रम निवडून, ते घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांची वर्षानुवर्षं तुलना केली गेली. दोन्ही गटांच्या वागण्यात काहीच फरक आढळला नाही. पहिला शरीरसंबंध ज्या सरासरी वयात आला, तेही सारखंच निघालं.

आणि त्याच २००७ मध्ये महाराष्ट्राने शाळांमधला किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम थांबवला. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालय आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था यांनी २००५ च्या सुमारास सुरू केलेल्या या कार्यक्रमातल्या चित्रांवर आक्षेप घेतला गेला, विधिमंडळात गदारोळ झाला आणि बंदी आली. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक या राज्यांनीही तसंच केलं. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शालेय लैंगिक शिक्षणाविरुद्ध मत दिलं. चित्रं चुकीची वाटली तर ती बदलता आली असती. त्याऐवजी विषयच फळ्यावरून पुसला गेला आणि शिक्षकांनी त्यातून एकच बोध घेतला : या वाटेला न गेलेलं बरं.

महाराष्ट्राला हा विषय परका होता, असं म्हणायला जागा नाही. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र उघडलं तेही याच वर्षी. या कामापायी कर्व्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. वाचक पत्रांतून मनातले प्रश्न विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता शास्त्रीय उत्तरं देत. या उत्तरांमुळेच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं. लोक जे विचारतात त्याचं ज्ञानाच्या आधारे उत्तर देणं हा गुन्हा होऊ शकत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. कर्वे तो खटला हरले आणि त्यांना दंड झाला. नव्वद वर्षांपूर्वी एक मासिक ज्या प्रश्नांना उत्तरं देत होतं, तेच प्रश्न आजही मुलं मनात घेऊन वर्गात बसतात.

शिकवण्याच्या पाच पद्धती

लैंगिक शिक्षण ‘हवं की नको’ या वादात आपण इतकी वर्षं घालवली की ‘कोणत्या प्रकारचं’ हा प्रश्न मागेच पडला. जगभरच्या शाळांमध्ये ढोबळमानाने पाच पद्धती दिसतात.

पहिली पद्धत धाकाची. एड्स होईल, बदनामी होईल, आयुष्य बरबाद होईल. १९९० च्या दशकात एचआयव्हीच्या भीतीने हा विषय शाळेत आला तो याच रूपात. घाबरलेलं मूल ऐकतं, पण अडचणीत सापडलं की सांगत नाही.

दुसरी संयमाची. ‘लग्नापर्यंत थांबा’ हा सल्ला एखाद्या कुटुंबाचं मूल्य म्हणून देण्यात गैर काहीच नाही. पण तो एकटाच पुरेसा पडत नाही, हे वरच्या अमेरिकन अभ्यासात दिसलंच. शिवाय अत्याचाराला बळी पडलेल्या मुलीला किंवा मुलाला हा सल्ला काहीच देत नाही. उलट आपलंच काही चुकलं, ही भावना मनात रुजवतो.

तिसरी जीवशास्त्राची. आकृती काढा, नावं द्या, चार गुण मिळवा. माहिती अचूक असते, पण मुलाच्या मनातल्या प्रश्नाला ती शिवत नाही. अंडवाहिनी कुठे असते हे त्याला पाठ असतं. वर्गातली मुलगी ‘नाही’ म्हणाली तर पुढे कसं वागायचं, हे त्याला ठाऊक नसतं.

चौथी वैयक्तिक सुरक्षिततेची. लहान मुलांसाठी ती अत्यंत मोलाची आहे. मुंबईतली ‘अर्पण’ ही संस्था २००६ पासून हे काम करते. या पद्धतीतला एक बारकावा पालकांनीही समजून घ्यावा. ‘चांगला’ आणि ‘वाईट’ स्पर्श असं सांगितलं तर मूल गोंधळतं. डॉक्टरांचं इंजेक्शन दुखतं म्हणून ते वाईट वाटतं आणि चॉकलेट देऊन, लाडात येऊन केलेला अत्याचार वाईट वाटतोच असं नाही. म्हणून ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ असं शिकवणं बरं. नियमही सोपा ठेवावा. पोहण्याच्या कपड्यांनी झाकले जाणारे भाग खासगी. स्वच्छतेसाठी किंवा आजारपणात, तेही आई-बाबांच्या माहितीने, मदत करण्यापलीकडे कोणी ते पाहायचे नाहीत, हात लावायचा नाही, स्वतःचे दाखवायचे नाहीत आणि याबद्दल कोणतंही गुपित ठेवायला सांगायचं नाही. तसं झालं तर मोठ्याने ‘नको’ म्हणायचं, तिथून निघायचं आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. पहिल्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला, तिसऱ्याला, कोणी तरी ऐकेपर्यंत सांगत राहायचं. या पद्धतीची मर्यादाही उघड आहे. चार वर्षांच्या मुलाने स्वतःचं रक्षण करावं, अशी अपेक्षा करता येणार नाही. मुलाचं काम फक्त सांगण्याचं. रक्षणाची जबाबदारी मोठ्यांची.

पाचवी पद्धत समग्र लैंगिकता शिक्षणाची. युनेस्कोने तिच्यासाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०१८ मध्ये ती सुधारली. ५ ते ८, ९ ते १२, १२ ते १५ आणि १५ च्या पुढचे असे वयोगट करून नातेसंबंध, मूल्यं, स्त्री-पुरुष समानता, हिंसा व सुरक्षितता, शरीराची वाढ, आरोग्य या सर्वांचा त्यात क्रमाने विचार होतो. ‘शिकवलं तर मुलं करून बघतील’ ही पालकांची सर्वांत मोठी भीती. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा आढावा घेऊन युनेस्को सांगते की अशा शिक्षणाने शरीरसंबंध लवकर सुरू होत नाहीत. उलट मुलं जास्त विचार करून निर्णय घेतात. स्वीडनने १९५५ मध्ये हा विषय शाळांमध्ये सक्तीचा केला. त्याला आता सत्तर वर्षं झाली.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर गडचिरोलीला जावं. डॉ. राणी बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. तब्बल ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी कधी तरी तपासणी झालेल्या स्त्रिया १० टक्केही नव्हत्या. इतकं दुखणं इतकी वर्षं मुकाट्याने सोसलं जात होतं, कारण त्याबद्दल बोलायची रीतच नव्हती. पुढे त्यांनी ‘सर्च’ या संस्थेतून ‘तारुण्यभान’ शिबिरं सुरू केली. तिथे किशोरवयीन मुलामुलींशी शरीर, प्रेम, आकर्षण, जबाबदारी यांवर मोकळेपणाने बोललं जातं. आदिवासी, ग्रामीण जिल्ह्यात हे होऊ शकतं, तर मुंबईपासून दीड तासावर का होऊ नये?

एक तास जवळून

सातवीचा वर्ग घेऊ. उत्तम कार्यशाळांमध्ये वापरली जाणारी प्रश्नपेटीची पद्धत पाहण्यासारखी आहे. प्रत्येकाला एकाच मापाचा, एकाच रंगाचा कागद दिला जातो. नाव लिहायचं नाही, पण प्रत्येकाने काही तरी लिहायचंच. प्रश्न नसेल त्याने आजच्या धड्यातलं एक वाक्य लिहायचं. त्यामुळे कोण लिहितंय आणि कोण नाही, हे शेजाऱ्याला कळत नाही. सगळे कागद दोन घड्या घालून बंद खोक्यात जातात. उत्तरं लगेच दिली जात नाहीत. एक शिक्षक आणि एक शिक्षिका मिळून चिठ्ठ्या वाचतात, सारखे प्रश्न एकत्र करतात आणि दुसऱ्या दिवशी बोलतात. रात्रभराचा हा अवधी शिक्षकालाही हवा असतो, कारण ऐनवेळी चेहऱ्यावर उमटलेला संकोच मुलं लगेच टिपतात.

चिठ्ठ्यांत काय येतं? पाळीत लोणच्याला हात लावला तर ते नासतं का? मुलग्यांनाही छातीत गाठ येते का? माझी उंची सगळ्यांत कमी का? दोन मुलगे एकमेकांवर प्रेम करतात ते आजारी असतात का? उत्तर थोडक्यात आणि सरळ द्यावं. लोणचं नासतं ते ओल्या चमच्याने आणि बुरशीने, पाळीने नव्हे. वयात येताना अनेक मुलग्यांच्या छातीत काही काळ हुळहुळणारी गाठ येते आणि आपोआप जाते. प्रत्येकाच्या वाढीचं घड्याळ वेगळं असतं. समलिंगी आकर्षण हा आजार नाही आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रौढांमधले असे खासगी, संमतीचे संबंध गुन्हाही राहिलेले नाहीत.

कधी तरी एका चिठ्ठीत प्रश्न नसतो, हाक असते. ‘त्याच्याकडे माझा फोटो आहे, तो सगळ्यांना पाठवीन म्हणतो.’ किंवा ‘काका रात्री जवळ झोपतात, मला आवडत नाही.’ इथे शिक्षकाचं खरं शिक्षण लागतं. अक्षर कोणाचं, याची वर्गात शोधाशोध करायची नाही. संपूर्ण वर्गाला सांगायचं : ज्याच्या किंवा जिच्या बाबतीत असं घडतंय, त्यात तुझा काहीही दोष नाही. मधल्या सुट्टीत मी अमुक खोलीत आहे, ये. मूल आलं की ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असं वचन मात्र द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही. ‘तुला मदत करू शकतील अशाच माणसांना सांगेन आणि प्रत्येक पायरीवर तुला कळवेन,’ असं म्हणायचं. फाटे फोडणारे प्रश्न विचारायचे नाहीत, घटना पुन्हा पुन्हा वदवून घ्यायची नाही, आरोपीला बोलावून समोरासमोर बसवायचं तर मुळीच नाही.

कायदा शिक्षकाकडून काय मागतो

लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक ठरते, मुलगीही आणि मुलगाही. कलम १९ नुसार अत्याचाराची माहिती किंवा तशी भीती असलेल्या कोणालाही पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. पुरावा गोळा करणं हे शिक्षकाचं काम नाही, कळवणं हे आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी संस्थेची अंतर्गत चौकशी करू’ या सबबीला कायद्यात थारा नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. हे पालकांना आधीच माहीत असेल, तर पोलीस ठाण्याच्या बाकावर रात्र काढण्याऐवजी ते आपला हक्क मागू शकतील.

याच कायद्याची दुसरी बाजू नववी ते बारावीच्या मुलांना कळायला हवी. १८ वर्षांखाली संमती कायद्याच्या दृष्टीने संमती ठरत नाही. ‘एनफोल्ड’ या संस्थेने आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगाल इथले २०१६ ते २०२० मधले ७,०६४ निकाल तपासले. त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश प्रकरणं प्रेमसंबंधांची होती. सोळा-सतरा वर्षांची मुलं पळून जातात, घरचे तक्रार करतात आणि मुलगा निरीक्षणगृहात किंवा अठरा पूर्ण असतील तर तुरुंगात जातो, मुलगी बालगृहात किंवा घाईघाईने लावलेल्या लग्नात अडकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. हा आकडा आणि ही प्रकरणं एकमेकांपासून दूर नाहीत. आपलं वय आणि त्याचे कायदेशीर परिणाम या मुलांना वर्गात कोणीच सांगितलेले नसतात.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरसाठी

एकच साचा सगळीकडे चालणार नाही. उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून १९४९ मध्ये उभं राहिलेलं शहर. तिथे मराठी, सिंधी, हिंदी, इंग्रजी अशा अनेक भाषांची मुलं आहेत. शहर जीन्सच्या शिलाईवर जगतं आणि अनेक घरांत कारखाना व संसार एकाच खोलीत चालतो. तिथल्या मुलाला ‘तुझी खासगी जागा’ शिकवताना घरात वेगळी खोलीच नाही, हे शिक्षकाच्या ध्यानात हवं. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीची जुनी वसाहत आहे आणि औद्योगिक वसाहतीभोवती वाढलेल्या कामगारवस्त्याही आहेत. बदलापूर मुंबई सीएसएमटीपासून सुमारे ६८ किलोमीटरवर. तिथले आई-वडील पहाटेच्या गाडीने जातात आणि रात्री परततात. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारी ठेवलेली पालकसभा या पालकांसाठी नसल्यासारखीच. ती रविवारी सकाळी हवी.

पालकांना विश्वासात घेण्याची रीतही ठरवून पाळावी. कार्यक्रम सुरू होण्याआधी त्यांना सगळी चित्रं, सगळा मजकूर दाखवावा. २००७ मध्ये वादात सापडलेल्या चित्रांबद्दलचा आरडाओरडा पालकांनी ऐकला होता, पण ती स्वतः किती जणांनी पाहिली होती? पालकांच्या मनातली अढी अनेकदा विषयाबद्दल नसते. आपल्या नकळत मुलांना काय सांगितलं जातंय, याची ती धास्ती असते.

मुलग्यांना वगळून हे शिक्षण पूर्ण होत नाही. पाळीच्या तासाला मुलग्यांना मैदानावर पाठवलं की ते दोनच गोष्टी शिकतात : हे लपवायचं असतं आणि याची चेष्टा करायची असते. रवी जाधव यांच्या २०१३ मधल्या ‘बालक-पालक’ या चित्रपटाने चाळीतल्या चार मुलांचं कुतूहल दाखवलं. त्या गोष्टीतल्या काळात मुलांना अश्लील फिल्म लपूनछपून, भाड्याने आणावी लागत होती. आज ती मोबाइलवर, जाहिरातीच्या बरोबर येऊन थडकते. अश्लील चित्रफितींत दिसतो तो अभिनय आणि धंदा असतो, त्यात संमतीही नसते आणि आपुलकीही नसते, हे सातवी-आठवीतल्या मुलाला कोणी तरी सांगायला हवं. नकार पचवता येणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. एकतर्फी प्रेमातून होणाऱ्या छळाच्या बातम्या वाचून हळहळण्यापेक्षा आठवीच्या वर्गात त्यावर एक नाटुकलं बसवणं अधिक उपयोगी.

इयत्तावार आराखडा अवघड नाही. शिशुवर्ग ते दुसरीपर्यंत अवयवांची खरी नावं आणि सुरक्षिततेचा नियम. तिसरी ते पाचवीत शरीराची स्वच्छता, मैत्री, चिडवणं, गुपितांमधला फरक आणि पाचवी संपण्याआधी पाळी व वयात येण्याची पूर्वतयारी. सहावी ते आठवीत प्रजनन, भावनांची उलथापालथ, इंटरनेटवरची सुरक्षितता. नववीपासून पुढे संमती, गर्भनिरोधन, लैंगिक संसर्ग, कायदा आणि नातेसंबंधांतला आदर. यासाठी नवी यंत्रणाही उभारायला नको. केंद्राच्या २०२० मधल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेतल्या दोन शिक्षकांना प्रशिक्षण देऊन आठवड्याला एक तास घेण्याची तरतूद आहे. त्यातल्या ११ विषयांत निरोगी वाढ, प्रजनन आरोग्य, हिंसेपासून सुरक्षितता आणि इंटरनेटचा सुरक्षित वापर हे विषय आहेत. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ केंद्रं आहेत. कागदावर जे आहे ते वेळापत्रकात आणायचं, एवढंच काम उरलं आहे आणि ते मुख्याध्यापकांच्या सहीने होऊ शकतं.

म्हणून वाचकांना, विशेषतः पालकांना, एक विनंती. येत्या पालकसभेत अभ्यासक्रम आणि फीबरोबर चार प्रश्न आवर्जून विचारा. आमच्या शाळेतले ते दोन प्रशिक्षित शिक्षक कोण? त्यांचा तास वेळापत्रकात कोणत्या वारी आहे? ‘सखी सावित्री’ समितीची बैठक शेवटची कधी झाली? आणि मुलाने काही सांगितलं तर शाळा पोलिसांना किती वेळात कळवते? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. तोवर १०९८ हा बालकांसाठीचा मोफत हेल्पलाइन क्रमांक आपल्या मुलाकडून आजच पाठ करून घ्या. आणि ते काही सांगायला आलं, तर हातातलं काम बाजूला ठेवून पूर्ण ऐका, त्याच्यावर विश्वास ठेवा.